त्रिनिदादचे ‘५.८ टक्के’

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा आला. तुमच्याकडेही येऊन गेला असेल. मुस्लिमांची टक्केवारी दोन झाली की काय होतं, पाच झाली की काय होतं, दहा झाली की काय होतं, अशी पायऱ्यापायऱ्यांची यादी, आणि प्रत्येक पायरीखाली देशांची नावं. पाचच्या पायरीवर फ्रान्स, स्वीडन वगैरे मंडळींच्या शेवटी ‘त्रिनिदाद अँड टोबॅगो, ५.८ टक्के’. खाली एका मित्राने भर घातली, “यांनी तर तिकडे संसदच ताब्यात घेतली होती, १९९० साली.” मग अंगठ्यांची रांग.

मी तिथंच उत्तर टाइप करायला घेतलं आणि थांबलो, कारण चार ओळींत बसणारं ते प्रकरण नाही. ग्रुपवर एवढं मोठं कुणी वाचत नाही, म्हणून इथं लिहितोय. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो.

संसद ताब्यात घेतली होती, हे खरं आहे. पंतप्रधानांना गोळी लागली होती, हेही खरं. फॉरवर्ड खोटा ठरतो तो त्यामागच्या गणितात. पत्रकारितेचा डिप्लोमा करून वीस-बावीस वर्षं झाली, शिकवलेलं बरंचसं विसरलो. पण बातमीत आकडा आला की आकड्यामागची माणसं कोण हे विचारायचं, एवढं अंगात मुरलंय. आणि इथं तर आकड्यापासूनच गंमत सुरू होते. ५.८ हा त्या देशाच्या २००० सालच्या जनगणनेतला आकडा. २०११ च्या जनगणनेत तो ५ टक्क्यांच्या जरा खालीच आला, म्हणजे ६५ हजारांच्या आसपास माणसं. फॉरवर्डवाल्यांनी चढायला लावलेल्या जिन्यावरून हे लोक खाली उतरलेत!

तर आधी देश कुठला ते. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याला जवळजवळ खेटून असलेली दोन बेटं. लोकसंख्या १३ लाखांच्या वर, म्हणजे आपल्या नाशिक शहरापेक्षाही कमी. आपली ओळख क्रिकेटमुळे. राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या मैदानावर १९७१ मध्ये सुनील गावसकर पहिली कसोटी खेळला. त्याच मैदानावर १९७६ मध्ये भारताने चौथ्या डावात चारशेच्या वर धावा काढून सामना जिंकला. गावसकर आणि विश्वनाथ दोघांची शतकं. त्या सामन्यात क्लाइव्ह लॉइडने तीन फिरकी गोलंदाज खेळवले होते. एक अल्बर्ट पॅडमोर. दुसऱ्या दोघांची नावं बघा: रफिक जुमादीन आणि इम्तियाझ अली. दोघंही त्रिनिदादचे. हे तिथं कसे पोचले, हीच गोष्ट सांगायची आहे. पण ती त्यांच्यापासून सुरू होत नाही.

त्रिनिदादमधले पहिले मुस्लिम भारतातून गेलेले नाहीत. ते पश्चिम आफ्रिकेतून गेले, गुलाम म्हणून, साखळदंडात. ब्रिटिशांनी १७९७ मध्ये हे बेट स्पेनकडून घेतलं. तिथं आणलेल्या गुलामांत मँडिंगो लोक होते, आणि त्यांच्यातले बरेच मुस्लिम. यातल्या काहींना अरबी लिहिता-वाचता यायचं. मळ्याचा मालक कदाचित अंगठा उठवत असेल, आणि ऊस तोडणारा गुलाम कुराण लिहून काढू शकतोय, असं चित्र. योनास मोहम्मद बाथ हा त्यांचा म्होरक्या. १८०५ च्या आसपास तो गुलाम म्हणून बेटावर आला, पुढे पैसे साठवून स्वतःची सुटका विकत घेतली. मग पोर्ट ऑफ स्पेनमधल्या मँडिंगो मुस्लिमांनी एक मंडळच उभं केलं. सगळ्यांनी पैसे जमवायचे आणि जातभाईंना एकेक करून मालकाकडून सोडवून आणायचं. आपल्याकडची भिशी म्हणा हवं तर, फक्त या भिशीतून माणूस सुटायचा.

१८३८ मध्ये या लोकांनी राणी व्हिक्टोरियाला अर्ज केला. त्याआधीही अर्ज झाले होते. मागणी साधी होती, आम्हाला आमच्या देशात, आफ्रिकेत, परत पाठवा. अर्ज फेटाळला गेला. बाथ त्याच वर्षी वारला. ब्रिटिश वसाहतींत गुलामी पूर्णपणे संपली तीही त्याच वर्षी, १ ऑगस्ट १८३८ ला. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

मी या गोष्टीत अर्जांवर बोट ठेवतोय त्याला कारण आहे. तालुक्याच्या ठिकाणी पत्रकारिता करणाऱ्या माणसाचं अर्धं आयुष्य लोकांचे अर्ज वाचण्यात जातं. पेपरला बातमी येते मोर्चाची, दगडफेकीची. त्याआधीचे सात अर्ज कुणी छापत नाही. त्रिनिदादच्या मुस्लिमांचा इतिहास चाळताना मला हेच सारखं दिसत राहिलं.

गुलामी संपली आणि उसाच्या मळेवाल्यांची पंचाईत झाली. सुटलेला माणूस पुन्हा त्या पगारात मळ्यावर राबायला तयार नव्हता. मग नजर वळली हिंदुस्थानाकडे. ३० मे १८४५ ला कलकत्त्याहून निघालेलं पहिलं जहाज पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. सव्वादोनशेच्या आसपास माणसं, शंभरावर दिवसांचा प्रवास. जहाजाचं नाव ‘फतेह अल रझाक’. तिथल्या बोलीत त्याचं ‘फाटेल रझाक’ झालं. हे जहाज मुंबईच्या इब्राहिम बिन युसुफ नावाच्या व्यापाऱ्यासाठी बांधलं होतं असं सांगितलं जातं. म्हणजे त्रिनिदादच्या आजच्या हिंदूंचे पहिले पूर्वज अरबी नावाच्या जहाजातून तिथं उतरले. याचं त्यांना कधी काही वाटलं नाही, आपल्यालाच अशा गोष्टींचं आता काहीतरी वाटायला लागलंय.

१८४५ ते १९१७ या काळात सुमारे १ लाख ४४ हजार हिंदी माणसं त्रिनिदादला गेली. बहुतेक आजच्या पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधली, काही मद्रासकडची. (मॉरिशसला कोकणातूनही माणसं गेली, म्हणून तिथं आज मराठी मंडळी आहेत, त्रिनिदादचा रस्ता मुख्यतः कलकत्त्याचा.) साधारण सातात एक मुस्लिम. पाच वर्षांचा करार, ज्याला हे लोक ‘गिरमिट’ म्हणायचे. मळ्याबाहेर पडायचं तर पास लागायचा. पास नसताना सापडलं तर तुरुंग. जहाजावर एकत्र आलेले लोक एकमेकांना ‘जहाजी भाई’ म्हणायचे आणि हे नातं रक्ताच्या नात्यासारखं पाळायचे. त्यात कोण हिंदू, कोण मुस्लिम हे बघितलं जात नव्हतं. तीन महिने एकाच डेकवर ओकाऱ्या काढल्यावर कोण बघणार?

या लोकांचा वर्षातला सगळ्यात मोठा सण कुठला होता? दिवाळी नाही, ईदही नाही. मोहरम! ‘या हुसेन, या हुसेन’ या हाकेवरून तिथं त्याचं नाव पडलं ‘होसे’. बांबू आणि रंगीत कागदाचे ताजिये, त्यांना म्हणतात ‘ताजा’. पुढे ‘तासा’, म्हणजे आपला ताशाच. आपल्या ढोल-ताशा पथकातला ताशा आणि त्रिनिदादचा तासा हे एकाच घराण्यातले. प्रत्येक मळ्याचा आपला ताजिया, तो वाजतगाजत समुद्राकडे न्यायचा आणि विसर्जित करायचा. ताजिये उचलणाऱ्यांत हिंदू ढिगाने असायचे. ढोल वाजवणाऱ्यांत आफ्रिकी वंशाचे लोकही असायचे. आपल्याला याचं नवल वाटायचं कारण नाही. कडेगावचे ताबूत ज्यांनी बघितलेत त्यांना तर नाहीच. पुण्यातसुद्धा १८९३ च्या दंगलींपर्यंत मोहरमच्या मिरवणुकीत हिंदूंचे ताबूत असायचे. पुढच्या वर्षी बहिष्कार पडला आणि सार्वजनिक गणेशोत्सवाने जोर धरला. असो, तो विषय वेगळा.

त्रिनिदादच्या गोऱ्या सरकारला या मिरवणुकीची भीती वाटायला लागली. १८८१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला कार्निव्हलच्या वेळी आफ्रिकी वंशाच्या लोकांची आणि पोलिसांची मोठी मारामारी झाली होती. मळ्यांवर संप वाढत होते. युरोपात बीटपासून साखर निघायला लागल्यामुळे उसाच्या साखरेचे भाव पडले होते, मालक मजुरी कापत होते. अशा वेळी हजारो मजूर, हातात काठ्या, ढोलांच्या गजरात शहरात येतात, आणि त्यात हिंदी आणि आफ्रिकी एकत्र. १८८४ मध्ये सरकारने नियम काढला. होसेची मिरवणूक सॅन फर्नांडो आणि पोर्ट ऑफ स्पेन या शहरांत शिरणार नाही, मोठ्या रस्त्यांवर येणार नाही. मळ्यावरच काय ते करा.

मजुरांनी काय केलं? अर्ज केला. बत्तीस जणांचा अर्ज, आणि पहिलं नाव सुखू. हिंदू माणूस. मोहरमची मिरवणूक अडवू नका म्हणून सरकारला लिहिणाऱ्यांत सगळ्यात वर हिंदूचं नाव होतं, हे मला त्या अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सरकारच्या बाजूने युक्तिवाद असा, की यात हिंदूच जास्त, मग हा मुस्लिमांचा धार्मिक विधी कसला? म्हणजे दोघं एकत्र आले तर धर्म नाही, आणि धर्म नाही तर हक्क नाही. अर्ज नाकारला.

३० ऑक्टोबर १८८४. सॅन फर्नांडो शहराच्या नाक्यांवर पोलीस आणि ब्रिटिश सैनिक उभे केले होते. मळ्यामळ्यांवरून ताजिये निघाले. सिपेरो स्ट्रीटच्या तोंडाशी मॅजिस्ट्रेटने दंगा कायदा वाचून दाखवला. इंग्रजीत. समोर भोजपुरी बोलणारे हजारो लोक आणि ताशांचा कडकडाट. किती जणांच्या कानावर गेला असेल आणि किती जणांना कळला असेल? मग गोळीबाराचा हुकूम झाला. शहराच्या दुसऱ्या बाजूला मों रेपो इथंही गोळ्या चालल्या. मेलेल्यांचा आकडा कुणी सोळा सांगतं, बहुतेक ठिकाणी बावीस सापडतो. शंभराहून जास्त जखमी. गोळ्या झाडण्यापूर्वी जमावाने हल्ला केला होता असं काही नाही. लोक ताजिये टाकून उसाच्या शेतात पळाले.

चौकशी झाली. चौकशी अधिकारी म्हणून आले जमैकाचे गव्हर्नर सर हेन्री नॉर्मन. हे गृहस्थ मूळचे हिंदुस्थानातल्या फौजेतले, १८५७ च्या दिल्लीच्या वेढ्यात लढलेले. निष्कर्ष काय आला असेल ते ओळखा. अधिकाऱ्यांचं काहीही चुकलं नाही. पुढे होसे बराचसा आटला. आज तो मुख्यतः पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात आणि दक्षिणेला सेड्रोसमध्ये होतो. सेंट जेम्समधल्या रस्त्यांची नावं कलकत्ता, दिल्ली, लखनौ अशी आहेत. तिथं ताजियांबरोबर दोन मोठे ‘चंद्र’ निघतात, एक लाल हुसेनचा, एक हिरवा हसनचा. ते भलतेच जड असतात. एकेक माणूस खांद्यावर घेऊन नाचतो, दमला की दुसरा घेतो. मुख्य रात्री दोन्ही चंद्रांची भेट घडवतात. तिथल्या अनेक मौलवींना हा प्रकार मान्य नाही. गंमत अशी की होसे जपणारी काही घराणी स्वतः सुन्नी आहेत. फॉरवर्डमधल्या एका ओळीत हे कुठं बसवणार?

पुढची पन्नास-साठ वर्षं शांततेत गेली असं पुस्तकात वाचायला मिळतं. शांततेत म्हणजे कसं, तर मुस्लिम आणि हिंदू पद्धतीने लागलेलं लग्न कायद्याला मान्य नव्हतं. काझीने निकाह लावला, चार गावं जेवली, तरी सरकारी कागदावर नवरा-बायको अविवाहित आणि मुलं अनौरस. बाप मेला की जमिनीवर मुलांचा हक्क सिद्ध करताना नाकीनऊ. पाच वर्षं गिरमिट भोगून, पै पै साठवून घेतलेली चार एकर जमीन, आणि पोरगा कायद्याने पोरगाच नाही! शाळा होत्या त्या मिशनऱ्यांच्या. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे जॉन मॉर्टन १८६८ मध्ये आले आणि त्यांनी हिंदी मुलांसाठी शाळा काढल्या. हे मोठं काम होतं, ते नाकारायचं नाही. पण मास्तराची नोकरी हवी तर बहुतेकदा आधी बाप्तिस्मा घ्यावा लागे.

म्हणून पुन्हा अर्ज, शिष्टमंडळं, सह्यांच्या मोहिमा. याच खटपटीतून १९२० आणि ३० च्या दशकात तिथल्या मुस्लिम संघटना उभ्या राहिल्या. १९३० च्या दशकाच्या मध्यावर मुस्लिम विवाहांना कायद्याची मान्यता मिळाली. हिंदूंना त्यासाठी आणखी दहा वर्षं थांबावं लागलं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस एल सोकोरोच्या इस्लामिया शाळेला सरकारी मदत मिळाली. ख्रिश्चनेतरांची शाळा सरकारने मान्य करण्याची ती सुरुवात. मागून हिंदूंच्या शाळा निघाल्या, धडाधड निघाल्या. दरवाजा एकाने ढकलला आणि आत दोघं गेले.

याच काळात, १९३६ च्या सुमारास, प्रिन्सेस टाउन नावाच्या गावात दीन आडनावाचं एक मुस्लिम जोडपं उकडलेले मसालेदार चणे विकायचं. मग त्यांनी ते तळलेल्या मऊ ‘बारा’मध्ये घालून द्यायला सुरुवात केली. बारा म्हणजे आपल्या वड्याचाच लांबचा भाऊ. गिऱ्हाईक म्हणायचं, एक नको, दोन बारा लावून दे. म्हणून नाव पडलं ‘डबल्स’. आज डबल्स हा अख्ख्या देशाचा सकाळचा नाश्ता आहे. आपल्याकडे वडापावचं जे स्थान आहे तेच. काळे, हिंदू, ख्रिश्चन, मंत्री, हमाल, सगळे गाडीवर उभे राहून खातात. त्या ५.८ टक्क्यांनी देशावर काय लादलं, याचं प्रामाणिक उत्तर द्यायचं तर यादीत सगळ्यात वर डबल्स लिहावं लागेल.

सगळंच गोडगोड होतं असं नाही. १९४७ मध्ये इकडे फाळणी झाली आणि तिचे ओरखडे तिकडेही उठले. ज्यांच्या आज्याने कराचीही बघितली नव्हती आणि मुंबईही, ते लोक पाकिस्तानवाले आणि हिंदुस्थानवाले झाले. सेंट जोसेफ इथं १९५४ मध्ये मोठी मशीद बांधली, तिला जिनांचं नाव दिलं. जहाजी भाईंच्या नातवंडांमधली ती फट पुढे पूर्ण बुजलीच नाही. राजकारणातही तेच. हिंदूंचा पक्ष वेगळा, आणि बरेच मुस्लिम एरिक विल्यम्स यांच्या, मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या पक्षात. त्यातले सगळ्यात मोठे कमालुद्दीन मोहम्मद. रेडिओवर हिंदी गाण्यांचा कार्यक्रम करून घराघरांत पोचलेला माणूस, पक्षाच्या स्थापनेपासून सोबत, प्रदीर्घ काळ मंत्री. १९८१ मध्ये विल्यम्स पदावर असताना वारले तेव्हा ज्येष्ठतेने कमालुद्दीन पुढे होते. पंतप्रधान दुसराच झाला. का, यावर तिथं अजून वाद चालतात. कमालुद्दीन यांनी पक्ष सोडला नाही.

१९८७ मध्ये नूर हसनअली राष्ट्राध्यक्ष झाले. सॅन फर्नांडोचे, आधी शाळामास्तर, मग न्यायाधीश. अमेरिका खंडात मुस्लिम राष्ट्रप्रमुख होण्याची ही पहिलीच वेळ. राष्ट्राध्यक्षांच्या घरी त्यांच्या काळात दारू दिली जात नसे, रमच्या देशात! लोकांनी ते कौतुकाने चालवून घेतलं. दहा वर्षं ते पदावर होते.

आता या. १९९०.

त्या वर्षी देशाचं कंबरडं मोडलेलं होतं. तेलाचे भाव पडलेले, नाणेनिधीचं कर्ज, सरकारी नोकरांचे पगार दहा टक्के कापलेले, नवा व्हॅट लागलेला. राजधानीच्या गरीब वस्त्यांत, मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या तरुणांमध्ये, ‘जमात अल मुस्लिमीन’ नावाची संघटना वाढली होती. तिचे प्रमुख यासिन अबू बक्र. मूळचे लेनॉक्स फिलिप, माजी पोलीस, धर्मांतर केलेले. संघटनेतले बहुतेक असेच नव्याने मुस्लिम झालेले. गिरमिटिया मुस्लिमांच्या जुन्या संघटनांशी यांचं पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, इस्लाम या बेटावर तुमच्या जहाजाने आला नाही, आमच्या आफ्रिकी पूर्वजांनी आणला. हे म्हणणं चूक नाही, बाथची गोष्ट वर सांगितलीच. त्यांचा सरकारशी वाद होता तो मुकुरापो रोडवरच्या जमिनीचा. दुसऱ्याच एका मुस्लिम संस्थेला १९६९ मध्ये दिलेली ती जागा. तिथं यांनी मशीद आणि शाळा उभी केली होती. एप्रिल १९९० मध्ये सैन्य आणि पोलिसांनी त्या जागेत तळ ठोकला. म्हणजे मुळात अतिक्रमणाचं प्रकरण. असली प्रकरणं आपल्याकडे प्रत्येक नगरपालिकेत दहा पडलेली असतात.

२७ जुलै १९९०, शुक्रवार, संध्याकाळ. अबू बक्र यांच्यासह ११४ जण. पोलीस मुख्यालयावर स्फोटकांनी भरलेली गाडी घातली. एक टोळी संसदेत घुसली, दुसरी टीव्ही केंद्रात. अबू बक्र यांनी टीव्हीवर येऊन सरकार पडल्याचं जाहीर केलं. पंतप्रधान ए. एन. आर. रॉबिन्सन ओलीस. त्यांना सांगितलं, सैन्याला माघार घ्यायला सांग. त्यांनी बाहेर निरोप दिला तो पूर्ण ताकदीनिशी हल्ला करण्याचा. त्याबद्दल त्यांच्या पायात गोळी घातली. एका खासदाराचा जीव गेला. शहरात लुटालूट आणि जाळपोळ. सहा दिवसांत एकूण २४ माणसं मेली.

सहाव्या दिवशी बंडवाल्यांनी शरणागती पत्करली. तारीख १ ऑगस्ट, गुलामीमुक्तीचा दिवस, देशाची सार्वजनिक सुट्टी.

लोक उठाव करून साथ देतील ही त्यांची अटकळ सपशेल फसली. मुस्लिमही साथीला आले नाहीत. ११४ माणसं म्हणजे तिथल्या मुस्लिमांच्या शंभरात एकाचाही पाव हिस्सा नाही, करा हिशोब. जुन्या मुस्लिम संघटनांनी हात झटकले. देशाचा राष्ट्राध्यक्ष मुस्लिम होता, फक्त त्या आठवड्यात तो परदेशात होता. ओलिसांच्या सुटकेसाठी जे माफीपत्र दिलं गेलं, त्यावर सही प्रभारी राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल कार्टर यांची. त्याच माफीपत्राच्या जोरावर १९९२ मध्ये सगळे सुटले. पुढे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने माफी अवैध ठरवली, पण आता पुन्हा खटला भरणं बरोबर नाही, असंही म्हटलं. चोवीस माणसं मेली आणि शिक्षा कुणालाच झाली नाही. मेलेल्यांच्या घरच्यांनी कुणाकडे जायचं? चौकशी आयोग नेमला गेला तो वीस वर्षांनी, २०१० मध्ये. अबू बक्र २०२१ मध्ये वारले.

या सहा दिवसांचं बिल मात्र बाकीच्या ६५ हजारांच्या नावावर फाडलं गेलं. बिल कसं येतं याची एक गोष्ट. १९९४ मध्ये एका कॅथलिक कॉन्व्हेंटने गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्या मुलीला हिजाब घालून येऊ द्यायला नकार दिला. ती कोर्टात गेली आणि १९९५ मध्ये जिंकली. कोर्ट, म्हणजे पुन्हा अर्जच. दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल एकांगी लिहितो. तिथल्या मुस्लिम विवाह कायद्यात मुलीचं लग्नाचं किमान वय बारा होतं, २०१७ पर्यंत! (हिंदू कायद्यात चौदा.) संसदेने ते सगळ्यांसाठी अठरा केलं तेव्हा काही धर्मनेत्यांनी विरोध केला, हिंदू आणि मुस्लिम दोन्हीकडच्या. या बाबतीत जहाजी भाई अजून एकत्र आहेत.

२०१३ नंतर या छोट्याशा देशातून शंभरावर माणसं सीरियात ‘इसिस’कडे गेली. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण त्या गोलार्धात सगळ्यात जास्त. हे झाकून उपयोग नाही. गेलेल्या पुरुषांतले बरेच मेले. बायका-पोरं ईशान्य सीरियातल्या छावण्यांत अडकली. ह्यूमन राइट्स वॉचने २०२३ मध्ये मोजले तेव्हा तिथं त्रिनिदादचे नव्वदहून जास्त लोक होते, त्यातली किमान ५६ मुलं. काहींचा जन्मच तिकडचा, बापाचा देश त्यांनी नकाशातही बघितलेला नसेल. पोर्ट ऑफ स्पेनमधले नातेवाईक वर्षानुवर्षं सरकारकडे हेलपाटे घालत राहिले.

त्यातल्या एका बाईची दोन मुलं बापाने २०१४ मध्ये तिच्या परोक्ष सीरियाला नेली होती. सरकारी पातळीवर काही हलेना. शेवटी एक वकील आणि पिंक फ्लॉइडचा गायक रॉजर वॉटर्स यांच्या मदतीने जानेवारी २०१९ मध्ये ती सीरियात गेली आणि मुलं घेऊन आली. तेव्हा थोरला अकराचा होता, धाकटा सातचा.

फॉरवर्ड टाकणारा माझा बालमित्रच आहे, वाईट माणूस नाही. त्याचे वडील १९७६ च्या त्या सामन्याचं अजूनही रंगवून सांगतात, विश्वनाथ धावबाद झाला तिथपर्यंत आले की आवाज बदलतो. रविवारी त्यांच्याकडे जेवायला जाणार आहे. इम्तियाझ अलीची गोलंदाजी त्यांना आठवते का, विचारतो.